प्रोस्टेटच्या ऑपरेशनबद्दल मी पाठवलेला मेसेज चुकीचा आहे

‘प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं की लघवी कायमची सुटते, पुरुषत्व जातं’ हा मेसेज चोपडा-अमळनेरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मीही पाठवला होता. चूक झाली.

वडिलांचं वाढलेल्या प्रोस्टेटचं (मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं) दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांना नीट विचारलं. सुरुवातीचे काही आठवडे लघवीची घाई होते, थोडी गळतीही होते. कायमची गळती क्वचितच. ताठरता बहुधा टिकते. वीर्य मात्र बऱ्याच जणांचं उलटं मूत्राशयात जातं आणि लघवीतून निघून जातं. त्याने अपाय नाही, पण हे आधी कळायलाच हवं.

10-14 दिवसांनी आतल्या जखमेची खपली सुटून लघवी पुन्हा लालसर होऊ शकते. वडील त्यानेच घाबरले होते. रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली किंवा थंडी-ताप आला, तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठा.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.