किशोरच्या दंग्यामागचे तिघं

'चलती का नाम गाडी' म्हटलं की लोक डायरेक्ट किशोर कुमारवर येतात. किशोरचा दंगा, किशोरचा वेडेपणा, किशोर काय जीनियस होता वगैरे. होताच, त्यात वादच नाही. पण माझं म्हणणं असं आहे की हा सिनेमा एकट्या किशोरचा कधीच नव्हता. त्याचा दंगा एवढा खुलतो कारण अशोक कुमार, अनुप कुमार आणि मधुबाला हे तिघं समोर भक्कम उभे आहेत. आणि या चौघांनी मिळून जे काही करून ठेवलंय ना, त्याला आपल्या हिंदी सिनेमावाल्यांनी अभिनय म्हणून कधी मोजलंच नाही. मला याचा मनापासून राग येतो, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

ज्यांनी पाहिला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५८ चा सिनेमा, दिग्दर्शक सत्येन बोस, संगीत एस. डी. बर्मन, गाणी मजरूह सुलतानपुरींची. तीन भाऊ (खऱ्या आयुष्यातही सख्खे भाऊच) मिळून गॅरेज चालवतात. थोरला ब्रिजमोहन म्हणजे अशोक कुमार, बॉक्सिंगवाला माणूस, बायकांचं नाव जरी निघालं तरी पित्त खवळतं, गॅरेजमध्ये बाईचा साधा फोटोसुद्धा चालत नाही. मधला जगमोहन म्हणजे अनुप, भित्रा, लाजाळू. धाकटा मनमोहन म्हणजे किशोर. एका रात्री धो धो पावसात रेणू, म्हणजे मधुबाला, बंद पडलेली गाडी घेऊन येते, मनमोहन गाडी दुरुस्त करून देतो आणि बाईसाहेब पैसे न देताच निघून जातात. बिल किती, तर ५ रुपये १२ आणे! पुढचा सगळा पसारा त्या ५ रुपये १२ आण्यांच्या वसुलीतून सुरू होतो. (आपल्याकडे नये पैसे एप्रिल १९५७ मध्येच आले होते पण हिशोब लोकांच्या तोंडात अजून आण्यांतच होता, आणि बरं झालं, नाहीतर 'पाँच रुपैया बारा आना' हे गाणं झालंच नसतं.)

आता 'एक लड़की भीगी भागी सी' घ्या. हे गाणं आपण सगळ्यांनी किती वेळा ऐकलंय, पण पुढच्या वेळी एकदा किशोरकडे न बघता फक्त मधुबालाकडे बघा. अख्ख्या गाण्यात तिला एक ओळ नाही, एक शब्द नाही. तो हत्यारं वाजवतोय, गाडीभोवती घुमतोय, तोंडं करतोय, आणि तिने फक्त तिथे असायचंय, भिजलेली, वैतागलेली, अनोळखी गॅरेजमध्ये मध्यरात्री अडकलेली. आधी ती त्याच्याकडे दुर्लक्ष करते, मग राग, मग हा काय प्राणी आहे म्हणून नुसतं बघणं, आणि मग हसू यायला लागतं पण ते त्याला दिसू द्यायचं नाहीये म्हणून ते दाबणं. ते दाबलेलं हसू आहे ना, तिथे ते गाणं फक्त गमतीचं न राहता प्रेमाचं होतं. किशोरने केलेल्या प्रत्येक चाळ्याचा हिशोब तिच्या चेहऱ्यावर होतो. तिने एखादी रिअ‍ॅक्शन जरा लवकर दिली असती किंवा जरा जास्त दिली असती तर तो नुसता माकडचाळे करणारा मेकॅनिक वाटला असता. नाटकवाले ज्याला टायमिंग म्हणतात ते हेच, आणि तिच्याकडे ते काठोकाठ होतं.

पण मधुबाला म्हटलं की आपल्याला काय आठवतं? 'मुग़ल-ए-आज़म' मधली बेड्यांमधली अनारकली. आणि तिचं दुःख. हृदयाला जन्मापासून छिद्र, अर्धवट राहिलेलं प्रेम, २३ फेब्रुवारी १९६९ ला वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी मृत्यू. हे सगळं खरं आहे आणि वाचताना जीव तुटतो. पण त्या दुःखाखाली तिचं काम पार गाडलं गेलंय. १९५५ चा 'मिस्टर अँड मिसेस ५५' बघा, १९६१ चा 'झुमरू' बघा, १९६२ चा 'हाफ तिकीट' बघा, ही बाई हलकंफुलकं काम इतकं सहज करायची की बघणाऱ्याला वाटायचं ही सुंदर आहे म्हणून आवडतेय. सौंदर्याने तिचं हे एक मोठं नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे. तिला आख्ख्या करिअरमध्ये फिल्मफेअरचं एकच नॉमिनेशन मिळालं, तेही 'मुग़ल-ए-आज़म' साठी, आणि तेही अवॉर्ड हातात आलं नाही.

बरं, त्या एका वर्षात, १९५८ मध्ये, ती काय काय करतेय बघा. 'काला पानी' मध्ये देव आनंदसोबत, 'फागुन' मध्ये भारत भूषणसोबत, 'हावड़ा ब्रिज' मध्ये अशोक कुमारसोबत 'आइए मेहरबाँ' म्हणत क्लबमध्ये गाणारी एडना, आणि 'चलती' मध्ये ही रेणू. म्हणजे एकाच वर्षी अशोक कुमार एका सिनेमात तिचा हीरो आहे आणि दुसऱ्या सिनेमात होणारा मोठा दीर! आणि त्याआधी १९४९ मध्ये 'महल' होताच, तिथेही हीरो तोच, आणि त्याच सिनेमाने तिला स्टार केलं होतं. एवढं सगळं पाठीशी असताना 'चलती' मध्ये हे दोघं समोरासमोर आले की त्या जुन्या रोमान्सचा मागमूससुद्धा लागत नाही. याला अभिनय नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं.

दादामुनींबद्दल, म्हणजे अशोक कुमारबद्दल, तर काय बोलावं. बॉम्बे टॉकीजमध्ये लॅबमध्ये काम करणारा हा माणूस १९३६ च्या 'जीवन नैया' मध्ये अपघातानेच हीरो झाला, कारण ठरलेला हीरो राहिला नाही, मग 'अछूत कन्या', मग १९४३ चा 'क़िस्मत', जो कलकत्त्यात एकाच थिएटरला तीन वर्षांहून जास्त चालला. म्हणजे १९५८ मध्ये तो वीस-बावीस वर्षांचा अनुभव असलेला बडा स्टार होता. त्याला धाकट्या भावांच्या सिनेमात गंमत करायची काय गरज होती? पण तो आला आणि आला तो आपली सगळी पत सोबत घेऊन आला, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याने हसवायचा प्रयत्नच केला नाही. तो ब्रिजमोहन शंभर टक्के सिरियस आहे. त्याचा बायकांवरचा राग खरा आहे, त्यामागची प्रेमातली जखम खरी आहे, भावांवरचा धाक खरा आहे. 'मारेगा भैया' हे 'पाँच रुपैया बारा आना' गाण्यात येतं ना, ते आपल्याला हसवतं कारण भैया खरोखर मारेल असं वाटतं! घरात एक माणूस घाबरण्यासारखा असल्याशिवाय धाकट्याच्या खोड्यांना मजा नाही.

आणि ते गाणंच घ्या की. मधुबाला आशाताईंच्या आवाजात मी ताऱ्यांचं गाणं, मी बहारीची कहाणी असं काय काय शायरीत सांगतेय, आणि हा पठ्ठ्या उत्तर काय देतो तर पाँच रुपैया बारा आना. मजरूहसारख्या गझल लिहिणाऱ्या माणसाने हे लिहिलंय, आपल्याच जातकुळीच्या शायरीची फिरकी घेत. बर्मनदांनीही चाल देताना दोघांना वेगळी ठेवलीय, ती तरंगते आणि हा जमिनीवर येतो. मला हे गाणं 'एक लड़की' पेक्षाही वरचं वाटतं, भांडायचं असेल त्यांनी खाली भांडा.

किशोरचं मात्र वेगळंच झालं. अन्याय म्हणावं तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलेला माणूस, पण कशासाठी? आवाजासाठी. आठ फिल्मफेअर, आठच्या आठ गायनाची, त्यातलं पहिलं 'रूप तेरा मस्ताना' साठी. १९६९ ला 'आराधना' आला आणि गायक किशोर असा काही उसळला की नट किशोर लोकांच्या डोक्यातून निघूनच गेला. (त्याच वर्षी फेब्रुवारीत मधुबाला गेली होती. १९६० मध्ये लग्न झालेलं दोघांचं. या दोन गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत हे लक्षात आलं की मला नेहमी कसंतरी होतं.) आणि गंमत बघा, पन्नासच्या दशकात निर्माते त्याला नट म्हणूनच बघत होते, इतके की 'चलती' च्याच वर्षी आलेल्या 'रागिनी' मध्ये 'मन मोरा बावरा' पडद्यावर किशोर गातोय आणि आवाज मोहम्मद रफींचा! त्या काळात ज्याचं गाणं दुसऱ्याला देत होते त्याचा पुढे अभिनय विसरला गेला. 'पडोसन' मधला गुरू विद्यापती लोकांना आठवतो, पण तोसुद्धा 'किशोर किती धमाल करायचा' एवढ्यापुरताच.

आणि कोणाला वाटेल की मी उगाच अवॉर्डचं घेऊन बसलेय, तर दिग्दर्शकाचंच बघा. सत्येन बोस. त्यांच्या 'जागृति' ला बेस्ट फिल्मचं फिल्मफेअर, १९६४ च्या 'दोस्ती' ला बेस्ट फिल्मचं फिल्मफेअर. दोन्ही चांगले सिनेमे आहेत, 'दोस्ती' बघताना मी ढसाढसा रडते आजही. पण रडवलं तर अवॉर्ड आणि त्याच माणसाने या दोन्हींच्या मध्ये अडीच तासांहून जास्त वेळ थिएटर हसवत ठेवलं तर अवॉर्डच्या नावाने काही नाही. अशोक कुमारचंही तेच, 'राखी' साठी मिळालं, 'आशीर्वाद' साठी नॅशनल अवॉर्ड मिळालं, १९८८ ला फाळके मिळालं, सगळं योग्यच आहे, पण 'विक्टोरिया नं. २०३' मधला तो चोर, 'छोटी सी बात' मधले खंडाळ्यात बसून लाजाळू माणसांना प्रेमाचे धडे देणारे कर्नल, 'शौकीन' मधला तो चावट म्हातारा, हे कोण मोजणार? हा माणूस म्हातारपणी देशातल्या सर्वोत्तम विनोदी नटांपैकी एक होता आणि त्याची सुरुवात मला तरी या गॅरेजमध्ये दिसते.

सिनेमा परफेक्ट आहे असं मी म्हणत नाही. खलनायक के. एन. सिंग आणि कंपनीचं ते कारस्थान, कोंडून ठेवणं, मारामारी, शेवटचा भाग चांगलाच ताणलाय, आणि वीणाच्या कामिनीला, म्हणजे ब्रिजमोहनच्या जुन्या प्रेमाला, वाव मिळायला हवा होता तो मिळत नाही. तेवढं सोडलं तर अजून बघा, एक सीन जुना वाटत नाही.

आता अनुप. मुद्दाम शेवटी ठेवला कारण त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. तिघांत मधला, खऱ्या आयुष्यात पण आणि सिनेमात पण, खरं नाव कल्याण. 'बाबू समझो इशारे' मध्ये मन्ना डे आणि किशोरचे आवाज, तिघं भाऊ त्या खटारा गाडीत, तिथे अनुपला बघा. वर एक दरारा असलेला भाऊ, खाली एक सुसाट सुटलेला भाऊ, आणि मध्ये हा, दोघांकडे आळीपाळीने बघणारा, नक्की कोणाची बाजू घ्यायची ते न कळणारा. बाईसमोर उभं राहिलं की त्याची जी वाट लागते ती त्याने इतकी मनापासून केलीय की त्याची कीव येते आणि हसूही येतं. चौघांमध्ये सगळ्यात कमी लक्ष वेधायचं काम त्याच्या वाट्याला आलंय आणि ते त्याने पूर्ण सिनेमाभर न कंटाळता निभावलंय, एकदाही भावांच्या पुढे जायची घाई नाही. पुढे 'कश्मीर की कली' वगैरे धरून ७५ च्या वर सिनेमे केले, पण नाव विचाराल तर लोक म्हणतात, कोण तो, किशोरचा भाऊ ना?

१३ ऑक्टोबर १९८७ ला किशोर गेला, नेमका अशोक कुमारच्या वाढदिवशी, त्यानंतर दादामुनींनी वाढदिवस करणंच सोडलं. उरलेले दोघं भाऊ १९९० च्या आसपास दूरदर्शनवर 'भीम भवानी' नावाच्या डिटेक्टिव्ह सीरियलमध्ये एकत्र आले, आणि तिथे अनुपला थोरल्या भावाच्या बरोबरीचा रोल होता. १९९७ ला अनुप गेला, २००१ ला अशोक कुमार. त्या काळात बऱ्याच घरी व्हीसीआरवर सीरियली टेप करून ठेवायचे, तर कोणाच्या माळ्यावर 'भीम भवानी' चे एपिसोड असलेली कॅसेट पडली असेल, बुरशी लागलेली असली तरी चालेल, प्लीज फेकू नका, मला मेसेज करा, डिजिटाइज करायचा खर्च मी करते.