ऑटोसेव्ह चालू आहे, म्हणून बॅकअप नको?

मार्चअखेर जवळ आली की सोलापुरातल्या कारखानदारांच्या आणि हिशेबनिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: एक्सेल आणि वर्ड दर दहा मिनिटांनी फाइल आपोआप जपतात, एक कॉपी डी ड्राइव्हला टाका, गुगल ड्राइव्ह जोडलेलं असेल तर काहीच हरवत नाही, बॅकअपवर पैसे घालवू नका. लोक यावर विश्वास ठेवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

दहा मिनिटांचा आकडा खरा आहे. पण ते ऑटोरिकव्हर. वीज गेली, प्रोग्राम अडकला, तर अर्धवट राहिलेलं काम परत मिळावं एवढ्यासाठीच ते आहे. फाइल नीट सेव्ह करून बंद केलीत की ती प्रत पुसली जाते. ऑटोसेव्ह ही वेगळी सोय आहे. ती मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये, फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत असेल तरच चालते, आणि तुमची चूकही तितक्याच तत्परतेने सेव्ह करते.

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात उधारीच्या यादीतला फक्त रकमांचा रकाना सॉर्ट झाला. नावं होती तिथेच राहिली. फाइल सेव्ह झाली, बंद झाली. तीन दिवसांनी एका व्यापाऱ्याला भलत्याच्याच थकबाकीसाठी फोन गेला, तेव्हा घोळ कळला. ऑटोरिकव्हरमध्ये काही नव्हतं. बिलबुकं काढून सगळी उधारी पुन्हा मांडायला मी तिथे बसलो होतो. मालकांचा तेव्हाचा चेहरा अजून आठवतो.

डी ड्राइव्हचं उत्तर छोटं आहे. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

गुगल ड्राइव्हबद्दलचं विधान अर्धं खरं. सिंक म्हणजे इथला बदल तिथे. इथे फाइल उडवली की तिथूनही उडते आणि ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते. एक्सेल फाइलच्या जुन्या आवृत्त्याही तिथे कायमच्या राहत नाहीत. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात शेवटच्या २५ मिळतात. जीएसटीचे हिशेब मात्र वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

राहिला पैशांचा मुद्दा. खर्च एका बाहेरच्या हार्ड डिस्कचा. विंडोजमधली फाइल हिस्ट्री फुकट आहे: डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेलमधून ती चालू करा, दर तासाला बदललेल्या फाइलींच्या प्रती निघत राहतात. एक मेख लक्षात ठेवा. ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स असे ठरलेले फोल्डरच घेते. डी ड्राइव्हवरचा फोल्डर लायब्ररीत, म्हणजे विंडोजच्या फोल्डरांच्या गटात, जोडल्याशिवाय त्याची प्रत निघत नाही. आणि एकच डिस्क कायम जोडून ठेवू नका. २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या.

वर्डच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी' आहे. एक्सेलमध्ये ते प्रत्येक फाइलला वेगळं लावावं लागतं: सेव्ह अ‍ॅज, टूल्स, जनरल ऑप्शन्स. यातून आधीच्या सेव्हची एकच प्रत मिळते, तीही त्याच फोल्डरात. तरी रकाना चुकीचा सॉर्ट झाल्याचं लगेच लक्षात आलं, तर तेवढीही पुरते.

त्या टॉवेल कारखान्यात आता दोन डिस्क आळीपाळीने लागतात, एक ऑफिसात, एक मालकांच्या घरी. दर महिन्याला घरच्या डिस्कवरून उधारीची एक जुनी यादी उघडून, बेरीज जुळते का ते आम्ही पाहतो.