पाचट जाळा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा धाकट्या काकांनी उसाच्या खोडव्याचं (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाचं) एकरभर पाचट, म्हणजे रानात राहिलेला वाळका पाला, पेटवलं. का, म्हणून विचारलं तर मोबाइल पुढे केला. ‘पाचट जाळा, राखेतून झिंक-फेरस फुकट मिळवा. कुजवलं तर पिकाचा नत्र खातं, हुमणी वाढते.’ (हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी.) गेले पंधरा दिवस हा मेसेज आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. आता घरचंच रान जळल्यावर गप्प बसवत नाही.

आधी राख. झिंक आणि फेरस, म्हणजे लोह, जळून नाहीसं होत नाही, हे मान्य. पण राख अल्कधर्मी असते आणि आमच्या चुनखडीच्या रानाचा सामू (pH) आधीच 8.3, म्हणजे अल्कधर्मी आहे. अशा जमिनीत झिंक-लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. म्हणून तर खोडव्यावर केवडा पडतो, पानाच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा. त्यावर आणखी राख ओतायची? पाचट कुजताना सुटणारी सेंद्रिय आम्लं नेमकं उलटं काम करतात, झिंक-लोहाला धरून विरघळतं ठेवतात. राहुरीचं कृषी विद्यापीठ झिंक सल्फेट, फेरस सल्फेटसुद्धा कुजलेल्या शेणखतात 5-6 दिवस मुरवून द्यायला सांगतं, ते याचसाठी. राखेत मुरवा असं कोण सांगतं?

आणि जळतं काय ते बघा. एकरी साधारण 4 टन पाचट, त्यात अर्धा टक्का नत्र, म्हणजे 20 किलो. युरियाची जवळजवळ एक गोणी धुरात गेली. सेंद्रिय कर्ब गेला तो वेगळाच.

‘नत्र खातं’ हे अर्धं खरं आहे. कुजवणारे जीवाणू सुरुवातीला जमिनीतला नत्र ओढतात. त्यासाठीच टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जीवाणू खत टाकायचं असतं. ते न टाकता पाचटाला कशाला दोष?

हुमणी तोडणीच्या दिवसांत जमिनीत खोल असते. वरचं पाचट पेटवून तिला धगही लागत नाही.

काल काकांच्या रानात गेलो. बुडख्यांचे डोळे, जिथून नवे कोंब फुटतात ते, करपलेत, ठिबकची नळी वितळून मातीला चिकटलीय. बांधापलीकडे आमच्या खोडव्यात सरीतलं पाचट उचललं तर खाली गार, काळी माती आणि पाचटात शिरलेल्या पांढऱ्या मुळ्या.

काका, खालच्या तुकड्यातलं पाचट अजून शाबूत आहे. युरिया, सुपर मी आणतो. काडी लावू नका.