छतावर सोलर आहे, म्हणून छत तापलं तरी चालेल?

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला सहा जणांनी पाठवला. त्यात लिहिलंय: ‘3 किलोवॅटचं सोलर बसवा, बिल शून्य. मग एसी फुकट. घर कितीही तापो, फरक पडत नाही. तसंही पॅनेलच्या सावलीने स्लॅब थंड राहतो. जाड भिंती, पांढरं छत, व्हरांडा हे श्रीमंतांचे चोचले. आणि लाइट गेली तरी आपल्याकडे सूर्य आहेच.’

मी विदर्भात घरांचे नकाशे काढतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. अशा ठिकाणी पै-पै जोडून घर बांधणारं कुटुंब हा मेसेज वाचून म्हणतं, ‘व्हरांडा काढून टाका, सोलर घेतोय ना’, तेव्हा जीव तुटतो. सोलर जरूर घ्या. पीएम सूर्यघर योजनेत 2024 पासून 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, ते सोडू नका. पण आधी घर तापू द्यायचं नाही आणि मग उरलेल्या गरजेपुरतं सोलर लावायचं, हा क्रम उलटवू नका.

‘बिल शून्य, एसी फुकट.’ स्थिर आकार भरावा लागतोच, पण तो मुद्दा किरकोळ. खरा हिशोब युनिटचा आहे. 1 किलोवॅट पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, म्हणजे 3 किलोवॅटचे 12. दोन खोल्यांत रात्री आठ तास एसी चालला आणि प्रत्येकाने तासाला फक्त एक युनिट खाल्लं, तरी 16 युनिट होतात. फ्रिज, पंप, गीझर अजून धरलेलेच नाहीत. शिवाय एसी चालतो रात्री, तेव्हा पॅनेल काहीच देत नाही. दिवसा दिलेले युनिट कागदावर वळते होतात, पण त्या रात्री तारेतून येणारी वीज मुख्यतः कोराडी-चंद्रपूरच्या कोळशाचीच असते. एसी जितका कमी चालेल, तितका तो कोळसा वाचतो.

‘घर कितीही तापो, फरक पडत नाही.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मारा छतावर असतो आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. उघडा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ही उष्णता पितो आणि संध्याकाळपासून खाली सोडत राहतो. रात्री दहा वाजता बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत छताला हात लावला तर चटका बसतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. एसीची निम्मी झुंज त्या स्लॅबशीच चालते, आणि त्याचं बाहेरचं युनिट तीच उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीत फेकतं.

घरांसाठी केंद्राने 2018 मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. छताच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये, अशी मर्यादा तिच्यात आहे. नुसत्या स्लॅबमधून साधारण त्याच्या तिप्पट जाते.

‘पॅनेलच्या सावलीने स्लॅब थंड राहतो.’ हे अर्धं खरं आहे, आणि जेवढं खरं तेवढं मान्य. पॅनेलखालचा भाग कमी तापतो. पण 3 किलोवॅटला लागते साधारण 300 चौरस फूट जागा. हजार फुटांच्या गच्चीत उरलेले 700 फूट उन्हातच राहतात, आणि झोपायची खोली नेमकी कुठल्या भागाखाली आहे हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नाही.

‘श्रीमंतांचे चोचले.’ मार्चमध्ये गच्चीवर चुन्याचे दोन हात मारणं हा चोचला कसा? पाऊस आणि धूळ तो धुऊन-मळवून टाकतात, म्हणून दरवर्षी मारावा लागतो, एवढंच. तेलंगणाने 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच केलं. थोडे पैसे असतील तर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर फुटक्या पांढऱ्या टाइल्स लावा. पश्चिमेला झोपायची खोली न ठेवता जिना, बाथरूम, कोठी ठेवणं हे तर फुकटच, फक्त नकाशा काढतानाच ठरवावं लागतं. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा टाकून मात्र भागत नाही, कारण उतरतं ऊन त्याच्या खालून आत घुसतं. तिथे जाळी, पडवी किंवा एखादा कडुनिंब हवा. वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात विटा उभ्या रचून मध्ये पोकळी सोडत. त्या भिंतीत विटा सुमारे पाव भाग कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. आणि आपली धाब्याची घरं? मातीच्या जाड छताखाली झोपणारे आपले आजोबा काही श्रीमंत नव्हते.

‘लाइट गेली तरी सूर्य आहेच.’ हे साफ खोटं आहे. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ नये, म्हणून ग्रिडला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर लाइट जाताच आपोआप बंद होतो, मग भर दुपार का असेना. मेमधल्या वादळात तारा तुटल्या की सोलरवालं घर आणि शेजारचं घर सारखंच अंधारात. बॅटरी जोडता येते, पण दोन एसी रात्रभर ओढायचे तर वरचे 16 युनिट तिच्यात साठवावे लागतील, आणि एवढी मोठी बॅटरी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे. स्लॅब तापलेला नसेल, तर 30 वॅटचे, कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे आठ तास चालायला अर्धं युनिट पुरतं.