आत्मा नाही, मग पुनर्जन्म कुणाचा?

बुद्ध आत्मा नाकारतात आणि पुनर्जन्म मात्र सांगतात, ही विसंगती नाही का, असं कुणी विचारलं की दोन ठरावीक उत्तरं येतात. एक, 'हे फार गहन आहे, तुम्हाला कळायचं नाही.' दुसरं, 'तुमच्याकडे काय कमी विसंगती आहेत?' मला दोन्हींचा राग येतो. हा प्रश्न काही आजच्या टीकाकारांनी उकरून काढलेला नाही. तो बौद्ध परंपरेच्या घरातलाच आहे, आणि घरातल्यांनी तो कधी टाळला नाही.

मिलिंदपञ्ह या जुन्या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला हेच खोदून खोदून विचारतो. नागसेन आंबेचोराचं उदाहरण देतो. चोर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे, मग माझा गुन्हा काय? राजा म्हणतो, तरी तू दोषीच, कारण त्याने लावला म्हणूनच हे आले. तसंच एका जन्मातल्या कर्मातून पुढचा जन्म येतो, असं नागसेन सांगतो. उत्तर हुशारीचं आहे. पण चोरी करणारा आणि शिक्षा भोगणारा चोर एकच, हे त्यात गृहीतच धरलंय, आणि अडचण तर नेमकी तीच होती!

शंकराचार्यांनी बौद्धांना इथेच पकडलं: तुम्ही म्हणता तसं सगळं क्षणिक, क्षणोक्षणी नष्ट होणारं असेल, तर काल पाहिलेलं आज आठवतं कुणाला? बिनतोड सवाल. पण मग शंकराचार्य म्हणतात तसं सगळं ब्रह्मच असेल तर अविद्या, म्हणजे ते न कळण्याचं अज्ञान, कुणाला झाली? गीताभाष्यात ते म्हणतात, ज्याला ती दिसते त्याला. नंतरचे वेदान्ती आचार्य रामानुज यांचं त्यावर समाधान झालं नाही. त्यांनी शंकराचार्यांच्या अविद्येच्या कल्पनेवर सात आक्षेप घेतले, तेही स्वतः वेदान्तीच असून.

बाबासाहेबांचा 'द बुद्धा अँड हिज धम्मा' 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, हा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेतच मांडलाय. त्यांचं उत्तर: पुनर्जन्म आत्म्याचा नव्हे, देहातल्या महाभूतांचा, म्हणजे देह ज्यांचा बनतो त्या मूलद्रव्यांचा. ती विखुरतात आणि पुन्हा एकत्र येतात. यात 'ज्याचं कर्म त्यालाच पुढच्या जन्मी फळ' हा हिशेब मोडतो, म्हणून परंपरानिष्ठांना ते रुचत नाही. माझ्या मते तो हिशेब बाबासाहेबांना मोडायचाच होता. गरीब आणि खालच्या ठरवलेल्या माणसांच्या हालांची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, एवढाच मागच्या जन्मीच्या कर्माच्या सिद्धांताचा उपयोग आहे, असं त्यांनी त्याच ग्रंथात लिहिलंय.