काका, स्कूटर सांगून बंद झाली होती

काका,

सहीत नाव नाही, नुसतं 'आकुर्डीतून निवृत्त' (म्हणजे बजाजच्या कारखान्यातून) एवढंच आहे, म्हणून काका म्हणतोय. वयानं माझ्याएवढेच निघालात तर कळवा, अरे-तुरेवर येऊ.

ॲपलनं डेस्कटॉपवाल्यांना वर्षानुवर्षं कसं ताटकळत ठेवलं यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया तीन तुकड्यांत आली. एका खोक्यात मावली नसावी. इतरांनी वाचली नसेल तर थोडक्यात सांगतो. मॅकच्या, म्हणजे ॲपलच्या संगणकांच्या, विक्रीत डेस्कटॉप जेमतेम वीस टक्के, मग कंपनीनं माणसं तिकडे का लावायची? उशीर झाला तो इंटेलच्या चिपांमुळे. आता साठ हजारांच्या आत झकास मॅक मिनी (ॲपलचा पडद्याविना येणारा छोटा डेस्कटॉप) आली आहे, तर जुनी मढी कशाला उकरायची? आणि एवढंच दुखत असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत, संगणकाच्या सुट्या मालाच्या बाजारात, जाऊन विंडोजचं मशीन जुळवून घ्यावं. शेवटी तुमचं ठेवणीतलं वाक्य: 'आम्ही स्कूटर बंद केली तेव्हा कुणी असे गळे काढले नव्हते.'

आधी माझी चूक. मिनी 'पाच वर्षं' तशीच पडून होती असं मी लिहिलं. ऑक्टोबर २०१४ ते ऑक्टोबर २०१८, म्हणजे चार. रागाच्या भरात एक वर्ष हातचं धरलं गेलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता स्कूटर. तुम्ही ती माझ्या तोंडावर फेकायला आणलीत, पण ती माझ्याच बाजूची निघाली. डिसेंबर २००९मध्ये बजाजनं जाहीर सांगितलं की आता स्कूटर नाही, सगळा जोर मोटारसायकलवर. पेपरात छापून आलं. कुणाला पटलं, कुणाला नाही. आमच्या बाबांनी दोन दिवस तोंड पाडलं होतं, कारण त्यांची चेतक तेव्हाही आडवी करून, एक लाथ मारून सुरू होत होती. पण तिसऱ्या दिवशी आमच्या घरी पुढची गाडी कुठली घ्यायची याची चर्चा सुरू झाली. गिऱ्हाइकाला मोकळं केलं होतं त्यांनी. ॲपलनं डेस्कटॉप असेच सांगून बंद केले असते, तर मी तो लेख लिहिलाच नसता.

कंपनीनं ते बंद केले नाहीत. नवेही केले नाहीत. जुनाच माल, त्याच भावात, काचेमागे ठेवून दिला आणि तोंडातून शब्द काढला नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

मिनीचंच बघा. २०१२ची मिनी मी स्वतः वापरली आहे, आणि तिच्याबद्दल माझ्या तोंडून वाईट शब्द निघणार नाही. ती पालथी केली की खाली काळं गोल झाकण. त्यात अंगठे टेकवायला दोन खळगे. घड्याळाच्या उलट दिशेनं जरासं फिरवलं की झाकण हातात. आत रॅमच्या दोन पट्ट्या एकावर एक. तपकीर गल्लीतून आठ-आठ जीबीच्या दोन घेतल्या, शर्टाच्या खिशात घालून सदाशिव पेठेत चालत आलो, आणि चहा निवायच्या आत चाराचे सोळा जीबी झाले. स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागला नाही. त्या वर्षी तिच्यावर तीन दिवाळी अंकांची पानं लावली.

२०१४ची मिनी बाहेरून तशीच, झाकणही तसंच गोल. पण झाकणाखाली धातूची पट्टी आणि तिला मध्ये टोक असलेले तारा-स्क्रू. ते काढलेत तरी उपयोग नाही, कारण रॅम बोर्डावरच डाग दिलेली. २०१२मध्ये चार कोअरची मिनी मिळत होती, २०१४मध्ये सगळ्यात महागडी घेतली तरी दोनच कोअर. म्हणजे नवं मॉडेल काही कामांत जुन्यापेक्षा हळू. हेही मी सोडून दिलं असतं. चुका होतात, पुढच्या वर्षी सुधारतात. पण पुढचं वर्ष आलंच नाही. चार वर्षं तीच मशीन, अमेरिकेत त्याच ४९९ डॉलरपासून. २०१७च्या उन्हाळ्यात ज्यानं ती घेतली, त्यानं जवळजवळ तीन वर्षांची शिळी वस्तू ताज्या भावानं घेतली. कारखान्यात असा माल पडून राहिला की भाव तरी उतरवता ना तुम्ही?

इंटेलमुळे उशीर झाला म्हणता. थोडा झाला, मान्य. पण त्या काळात इंटेलच्या नव्या चिपा येतच होत्या, इतर कंपन्यांच्या डेस्कटॉपमध्ये बसतही होत्या. मिनीनं मात्र चौथ्या पिढीवरून थेट आठव्या पिढीवर उडी मारली. मधल्या तीन पिढ्या काही इंटेलच्या गोदामात अडकून पडल्या नव्हत्या.

मॅक प्रो या ॲपलच्या मोठ्या डेस्कटॉपची गोष्ट तुम्हाला जास्त भिडेल, कारण ती सरळसरळ डिझाइनची आहे. आधीचा मॅक प्रो म्हणजे ॲल्युमिनियमचा मोठा डबा. दार उघडा, कार्ड घाला, डिस्क घाला. जून २०१२मध्ये त्यात नावापुरता बदल झाला, लोक चिडले, आणि कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कूकनी एका गिऱ्हाइकाच्या ईमेलला उत्तर दिलं की पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धात काहीतरी भारी येतंय. दरम्यान १ मार्च २०१३पासून युरोपात मॅक प्रोची विक्रीच थांबवली, का तर नव्या सुरक्षा नियमांत पंख्याला जाळी आणि पोर्टांना जादा संरक्षण हवं होतं. पंख्याला जाळी, काका. आकुर्डीत दुपारच्या शिफ्टमध्ये झालं असतं.

मग डिसेंबर २०१३मध्ये तो काळा चकचकीत गोल डबा आला. लोकांनी त्याला कचऱ्याचा डबा म्हटलं. मला दिसायला आवडला होता, खोटं कशाला बोलू. आत मधोमध तिकोनी धातूचा गाभा, त्याच्या तीन अंगांना तीन बोर्ड, वर एकच पंखा. दोन बेताच्या ग्राफिक्स कार्डांची उष्णता तो गाभा बरोबर ओढून घ्यायचा. घोडं इथंच पेंड खात होतं. धंदा दोन बेताच्या कार्डांकडे न जाता एका मोठ्या, तापट कार्डाकडे गेला, आणि ते त्या तिकोनात बसवायला जागाच नव्हती. एका मापाच्या जॉबसाठी जिग (तो पकडून ठेवणारा साचा) बनवावं आणि जॉबचंच माप बदलावं, तशी गत.

ही चूक कुणाकडूनही होऊ शकते. पण ती कबूल कधी झाली? एप्रिल २०१७मध्ये. सव्वातीन वर्षांनी, मोजक्या पत्रकारांना बोलावून. ॲपलचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडरिगी तेव्हा म्हणाले की आम्ही स्वतःलाच उष्णतेच्या कोपऱ्यात कोंडून घेतलं. नवा मॅक प्रो येईल, पण यंदा नाही, हेही तेव्हाच सांगितलं. तो आला डिसेंबर २०१९मध्ये, पुन्हा दार उघडणारा डबा, अमेरिकेत ५,९९९ डॉलरपासून. चाकं हवी असतील तर ४०० डॉलर वेगळे. त्या एप्रिलच्या काही महिने आधी, डिसेंबर २०१६मध्ये, कूकनी आपल्याच कर्मचाऱ्यांना लिहिलं होतं की आपल्याकडे उत्तम डेस्कटॉप येणार आहेत, शंका नको. ते बाहेर फुटलं म्हणून आम्हाला कळलं. घरातल्यांना सांगितलं, गिऱ्हाइकाला नाही.

तुमचे वीस टक्के त्याच एप्रिलच्या बैठकीतले. मॅकमध्ये लॅपटॉप ऐंशी, डेस्कटॉप वीस, असं तिथं सांगितलं गेलं. तेव्हा मिनीला अडीच वर्षं झाली होती आणि मॅक प्रोला तीनच्या वर. झाडाला पाणी तोडायचं आणि मग आंबे मोजायचे. लॅपटॉप एरवीही जास्तच खपले असते, जगभर तेच चाललंय, त्यात वाद नाही. पण त्या आकड्यात आमच्यासारखे न घेता थांबलेले किती, हे कोण मोजणार? शिवाय ज्या आयफोनवर कंपनीचा निम्मा धंदा उभा आहे, त्याची ॲप लिहायला मॅकच लागतो.

थांबलेल्यांपैकी मी एक. २०१६च्या जुलैत हाताखालच्या मुलीसाठी दुसरी मशीन घ्यायची होती, अंकांची कामं ऑगस्टपासून अंगावर येतात. दुकानात गेलो. कुठल्या ते विचारू नका, बिचाऱ्याचा दोष नव्हता. म्हणाला, 'साहेब, पुढच्या महिन्यात नवी येतेय, थांबा.' गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता. त्यालाही कुणी काही सांगत नव्हतं, तो आपला अंदाजानं बोलत होता. शेवटी मी दुसरी २०१२चीच मिनी घेतली, सेकंडहँड, एका साउंडवाल्याकडून. ती पुढे सहा वर्षं चालली. माझं नुकसान झालं नाही. पण माझ्यासारख्याला चार वर्षं जुनी वस्तू सेकंडहँड घेणं काचेमागच्या नव्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं, तेव्हा दुकानात काहीतरी बिनसलेलं असतं.

विंडोजचं म्हणाल तर टेबलाखाली एक डबा आहेच. जुन्या श्रीलिपीतल्या (मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमधल्या) फायली उघडायला तो लागतो, आणि तो इमानदारीत काम करतो. सगळंच तिकडे न्यायचं तर फॉन्टांचे परवाने, छापखान्याशी जुळवलेले रंग, वीस वर्षांची फायलींची घडी, आणि बोटांना पडलेलं वळण. हे सगळं ऑक्टोबरात हलवत नाहीत. ज्याला दर दिवाळीला तारीख गाठायची असते त्यानं मशीन बदलायची तर आधी वर्षभर ठरवावं लागतं, आणि ठरवायचं तर समोरच्यानं काहीतरी बोलावं लागतं.

'आता सगळं छान आहे' यावर मात्र मी अर्धा तुमच्या बाजूला येतो. ऑक्टोबर २०२४ची मिनी, ॲपलच्या स्वतःच्या एम४ चिपची, ५९,९०० रुपयांना सोळा जीबी घेऊन आली. ती आज माझ्या टेबलावर आहे. तळहाताएवढी, आवाज नाही, आणि दोनशे पानांचा अंक पीडीएफ करताना पंखा फिरतोय का हे कान लावून ऐकावं लागतं. सुरू करायचं बटण तेवढं बुडाखाली आहे, दर वेळी एक कोपरा उचलून चाचपावं लागतं. ज्यानं हे ठरवलं त्यानं मशीन बंद करणारी माणसं पाहिलेली नाहीत.

उरलेल्या अर्ध्याचं काय? पानं लावणाऱ्याला सत्तावीस इंची पडदा लागतो, समोरासमोरची दोन पानं मूळ मापात दिसतील आणि बाजूला हत्यारं मावतील एवढा. सत्तावीस इंची आयमॅक मार्च २०२२मध्ये बंद झाला. मोठा गाजावाजा नाही, मॅक स्टुडिओ हा नवा डेस्कटॉप आला त्याच दिवशी तो यादीतून गेला. अमेरिकेतला भाव सांगतो, म्हणजे आपले कर मध्ये यायला नकोत: तो अख्खा संगणक पडद्यासकट १,७९९ डॉलरपासून होता, आणि त्याच्या जागी आलेला नुसता पडदा १,५९९ डॉलरचा. लहान, २४ इंची आयमॅकही एप्रिल २०२१ ते ऑक्टोबर २०२३ अडीच वर्षं जागचा हलला नाही, एम२ ची पिढी त्यानं पाहिलीच नाही. आणि २०२३च्या मॅक प्रोला कार्डांचे खण आहेत, पण ग्राफिक्सचं कार्ड त्यात चालत नाही, रॅमही वाढवता येत नाही. मोठा डबा कशासाठी घ्यायचा, हे मला कधी नीट कळलं नाही.

'कोरेगाव पार्कात दुकान झालंय, तिथं जाऊन सांगा' असंही तुम्ही लिहिलंत. गेलो होतो हो. सप्टेंबर २०२५मध्ये उघडलं तेव्हाच. मुलं गोड बोलतात, मराठीत बोलतात. पण पुढच्या वर्षी काय येणार हे त्यांना विचारणं म्हणजे पीएमटीच्या कंडक्टरला मेट्रोचं वेळापत्रक विचारणं. त्यांना कुठून माहीत असणार?

आता तुमचा ताजा कलम. एवढं झोडपून शेवटी हळूच विचारलंत, 'नातवाची जुनी मिनी माळ्यावर पडून आहे, तिचं काही होईल का?' होईल, पण आधी ती कुठली ते बघा. पाठीमागे फायरवायरचं (जुन्या प्रकारच्या केबलचं) भोक असेल तर २०१२ची किंवा त्याआधीची, ते नसून थंडरबोल्टची दोन असतील तर बहुतेक २०१४ची. २०१४ची असेल तर रॅमचा विचार सोडा, डिस्क तेवढी बदलता येईल, तीही खटपटीनं. २०१२ची असेल तर लॅपटॉपची डीडीआर३, १६००वाली रॅम, आठ-आठच्या दोन पट्ट्या, आणि अडीच इंची एसएसडी. मॅकच्या प्रणालीची कॅटालिना ही आवृत्ती तिच्यावर चालते, त्यापुढचं अधिकृतपणे नाही. तरी पत्रं लिहायला, फोटो बघायला आणि माझ्या लेखांवर तीन तुकड्यांत प्रतिक्रिया द्यायला भरपूर आहे. तपकीर गल्लीत शनिवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. आणि झाकण फिरवताना जोर करू नका, ते सुरुवातीला जरा अडतं.