एस्टिमेटमध्ये आळं नाही म्हणे

काल आमच्या संभाजीनगरात (जुनं औरंगाबाद) गुलमंडीवर मामाच्या दुकानी गेलो होतो. दुकानासमोरचा लिंब लहानपणापासून बघायलोय, त्याच्या बुडाला आम्ही सायकली टेकवायचो. काल बघतो तर पेव्हर ब्लॉक पार खोडाला भिडवलेत, बोटभर पण माती ठेवली नाही. लहान झालेल्या चपलेतून टाच बाहेर येते ना, तशी त्याची साल ब्लॉकवर फुगून आलीय. मामा म्हणला, "कॉन्ट्रॅक्टरला म्हणलो होतो बाबा, जरा आळं सोड. तर म्हणतो कसा, एस्टिमेटमध्ये आळं नाही."

रात्रभर तेच डोक्यात. झोप तशीही नव्हती, उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रात्री अकराला पण रस्त्यातून झळ मारती.

अरे, आपलं गाव वसलंच पाण्याच्या हिशोबावर! 1610 ला मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच गाव, वसवली आणि मग डोंगराकडचं जमिनीत मुरलेलं पाणी नहरीनं, म्हणजे जमिनीखालच्या पाटानं, गावात आणलं, ना मोटर ना लाईट, सगळा उताराचा खेळ. पाहुणे आले की नहरीच्या पाण्यावर फिरणारी पाणचक्की दाखवताना आपली छाती फुगती, पण पाणी मुरायचं म्हणून नहर वाहायची हे कोण सांगतं? आता आपण पैठणहून, जायकवाडीतून, पन्नासेक किलोमीटर पाणी आणतो, ते पण शंभर मीटरपेक्षा जास्त वर चढवून, आणि तरी नळाची वाट बघत ड्रम मांडून बसतो. आणि डोक्यावर फुकट पडतं ते सिमेंटवरून थेट नाल्यात अन् तिथून खाम नदीत, जाता जाता कुणाच्या तळघरातल्या दुकानात शिरून.

साधा हिशोब आहे, हजार स्क्वेअर फुटाच्या छतावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटरच्या वर पाणी होतं. टँकरवाल्याला किती देता ते आठवा.

दोष दुसऱ्यालाच देत नाही. आमच्या वाड्यात आड होता, आम्ही त्यावर स्लॅब टाकला कारण कार लावायला जागा पाहिजे होती. शेजारी बोअर मारला, तो मार्चमध्येच गुळण्या टाकतो. आजी म्हणायची आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, आम्ही तर आडच बुजवला.

रस्ते नकोत असं नाही, धुळीत मी पण वाढलोय. झाडाभोवती हातभर माती सोडा, एवढंच म्हणणं आहे.

आज सकाळी सब्बल घेऊन गेलो आणि चार ब्लॉक उचकटले. मामा "अरे दंड लावतील" म्हणत ओरडायला आणि स्वतःच बादली आणायला. अर्धी बादली ओतली, बुडबुडे काढत घटकेत गायब, दुसरी पण गायब. येणारे-जाणारे उभे राहून बघायले.

संध्याकाळी मामानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्या चार ब्लॉकच्या जागेत कुणीतरी ॲक्टिव्हा लावली होती, साईड स्टँड मस्त ओल्या मातीत रुतलेलं.